फाटलेली पुरणपोळी आणि सहा कमेंटी: काडी टाकणाऱ्यांचं करायचं काय

होळीच्या दुपारची गोष्ट. आमचा फेसबुकवर खाण्यापिण्याचा एक ग्रुप आहे, अकरा हजारच्या आसपास मेंबर, आम्ही तिघी ॲडमिन. एका नवीन मेंबरने आयुष्यातल्या पहिल्या पुरणपोळीचा फोटो टाकला, पोळी एका कडेला फाटलेली, पुरण तव्यावर आलेलं आणि थोडं करपलेलं, वर लिहिलेलं की पहिलाच प्रयत्न आहे सांभाळून घ्या. पंधरा मिनिटात एक कमेंट आली, आयडीच्या फोटोत गुलाबाचं फूल, "ही पोळी आहे की अपघात?" ती बिचारी हसण्यावारी नेऊन म्हणाली, हो ना दादा फाटली जरा, काय चुकलं सांगाल का? त्यावर याचं उत्तर, "आईने शिकवलं नाही एवढंच चुकलं."

झालं. मग जे पेटलं ते रात्री अकरापर्यंत. चाळीस कमेंटी होईपर्यंत मूळ पोळी विसरली गेली होती आणि गूळ की साखर सुरू झालं होतं, मग घाटावरची की कोकणातली, मग तेलपोळी हीच खरी, मग कुणीतरी "तुम्हा लोकांना" असं लिहिलं आणि तिथून जे जातीवर गेलं ते मी इथे लिहीत नाही, महाराष्ट्रात जेवणाच्या ताटावरून जातीवर जायला किती वेळ लागतो हे सगळ्यांना माहितीये. २१२ कमेंटी. त्या बाईने पोस्ट उडवली आणि ग्रुप सोडला. रात्री मी ॲडमिनगिरी करत सगळे स्क्रीनशॉट मोजत बसले होते तेव्हा लक्षात आलं की त्या गुलाबवाल्याच्या स्वतःच्या कमेंटी फक्त सहा आहेत. सहा! बाकीच्या २०६ आम्ही केल्यात. त्यातल्या चार माझ्या, आणि त्या काही फार शोभेच्या नव्हत्या.

अशा मुद्दाम डिवचून भांडण पेटवणाऱ्यांबद्दल, म्हणजे ट्रोलबद्दल, त्यानंतर आम्ही जे शिकलो ते लिहून ठेवतेय. ग्रुप पदार्थांचा असो, ट्रेकचा असो, सोसायटीचा असो की शाळेच्या बॅचचा, फरक थोडाच पडतो.

आधी शब्दाबद्दल, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. ट्रोल म्हटलं की लोकांना तो पुलाखाली राहणारा राक्षस आठवतो, पण हा शब्द इंटरनेटवर रुळला त्यामागे मासेमारी पण आहे. होडीच्या मागे गळ लावून दोरी सोडायची आणि होडी हळूहळू चालवत राहायची, जो मासा तोंड मारेल तो मारेल, याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला युजनेट नावाची चर्चामंडळं होती, तिथली जुनी खोडं मुद्दाम चावून चोथा झालेला विषय पुन्हा काढायची, जुने लोक ओळखून गप्प बसायचे आणि नवखे धावत येऊन तावातावाने उत्तरं द्यायचे, मग सगळे त्यांना हसायचे. तेव्हा तो बराचसा खोडसाळपणा होता. आजचं प्रकरण बरंच घाण आहे पण यंत्र तेच, गळ त्याचा, तोंड आपलं. आपल्याकडे याला काडी टाकणं किंवा खाजवून खरूज काढणं म्हणतात आणि मला तर हे शब्द जास्त नेमके वाटतात.

आता ओळखायचं कसं. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात कारण आपल्याला न पटणारं बोलणारा प्रत्येक माणूस ट्रोल वाटायला लागतो. नसतो. "पोळीत मैदा घालू नका, पोटाला वाईट" असं दर पोस्टखाली लिहिणारे आमच्याकडे एक काका आहेत, डोकं उठवतात, पण त्यांना खरंच मैद्याचा राग आहे. ते ट्रोल नाहीत, ते काका आहेत. कुणी म्हणालं की या रेसिपीत प्रमाण चुकलंय आणि माझं अर्धा किलो पुरण वाया गेलं, तर तो चिडलेला माणूस आहे आणि त्याचं म्हणणं बरोबरही असू शकतं.

माझी साधी परीक्षा म्हणजे एक सरळ प्रश्न विचारायचा. "बरं, मग तुमच्या मते काय करायला हवं?" चिडलेला माणूस उत्तर देतो, कधी कधी तर पानभर देतो आणि बहुतेक वेळा उतरतोच. ट्रोल उत्तर देत नाही, विषय बदलतो. पुरणावरून आईवर, आईवरून शिक्षणावर, शिक्षणावरून आडनावावर. त्याला मुद्दा नकोच असतो, त्याला तुमचा चेहरा लाल झालेला बघायचा असतो. २०१४ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर अभ्यास केला होता, ज्यांना ऑनलाइन गेल्यावर ट्रोलिंग करायला सगळ्यात आवडतं अशा लोकांमध्ये दुसऱ्याच्या त्रासात मजा वाटण्याचा गुण ठळक निघाला. म्हणजे त्याला समजावून सांगायला जाणं किती फुकट आहे बघा, तुम्हाला त्रास होतोय हे तुम्ही त्याला पटवून देताय आणि त्याला तेच हवं होतं.

नेहमी दिसणारे नमुने सांगते. एक उघड काडीवाला, गुलाबासारखा. दुसरा निरागस. "मी फक्त विचारतोय हो, चिडताय कशाला" हे याचं घोषवाक्य, दहा वेळा तोच प्रश्न फिरवून विचारेल, तुम्ही नऊ वेळा नीट उत्तर द्याल, दहाव्यांदा तुमचा आवाज चढला की म्हणेल बघा किती उद्धट आहेत. तिसरा काळजीवाहू, "तुमच्या भल्यासाठीच सांगते, या वयात असे फोटो शोभत नाहीत", हा प्रकार बायकांच्या फोटोंखाली फार आणि करणाऱ्यांत बायकाही भरपूर. चौथा शुद्धलेखनवाला. याच्याबद्दल जरा थांबून बोलायला पाहिजे कारण मराठीत हा फार जुना रोग आहे. कुणी "पानी" लिहिलं, "आनि" लिहिलं की मूळ पोस्ट बाजूला आणि न-ण वर शाळा सुरू. चूक सांगायची असेल तर मेसेजमध्ये सांगता येते की. चारचौघात सांगायची ती बहुतेकदा चूक सुधारायला नसते, तू कुठून आलास हे दाखवून द्यायला असते. आमच्या ग्रुपवर जाहीर शुद्धलेखन बंद केलंय आणि दोन मराठीच्या शिक्षिका त्यावरून ग्रुप सोडून गेल्या, जाऊ देत.

मग डुआयडी, म्हणजे डुप्लिकेट आयडी. मराठी साइट्सवर वर्षानुवर्षं वावरलेल्यांना हा शब्द सांगायला नको, मायबोली ही साइट तर १९९६ पासून आहे. एकच माणूस दोन-तीन नावांनी येतो, एका नावाने काडी टाकतो आणि दुसऱ्या नावाने "अगदी मनातलं बोललात" म्हणतो. पकडायचा कसा तर लिहिण्याच्या सवयीवरून. स्वल्पविरामाआधी स्पेस, "किंव्हा", दोनच टिंबं, ठराविक स्मायली, हे माणसाला लपवता येत नाही. आमच्या होळीत गुलाबाला दुजोरा देणाऱ्या दोन ताई होत्या, दोघी "आणी" लिहायच्या आणि गुलाबही "आणी" लिहायचा. आता सगळे "आणी" लिहिणारे एक नसतात हे मला कळतं, पण तिन्ही खाती त्याच आठवड्यात ग्रुपवर आली होती. आणि शेवटचा प्रकार म्हणजे टोळी. दोन तासात चाळीस अनोळखी खाती येऊन तेच वाक्य कॉपी-पेस्ट करतात, राजकारण किंवा धर्माच्या पोस्टवर हे होतं. तिथे एकेकाशी बोलायचा प्रश्नच नाही, कमेंट बंद करायच्या, दोन दिवस गप्प, विषय संपतो कारण टोळीला पुढच्या ठिकाणी जायचं असतं.

बरं, आता करायचं काय. पहिलं म्हणजे फोन उपडा ठेवायचा. हे लिहायला सोपं आहे आणि करायला महाकठीण, मला माहितीये, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तरी ठेवा. त्या दहा मिनिटात डोक्यात जे फर्मास उत्तर तयार होतं ना, तेच टाकायचं नसतं.

दुसरं, स्क्रीनशॉट. डिलीट करायच्या आधी, ब्लॉक करायच्या आधी, भांडायच्याही आधी. नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, त्या प्रोफाइलची आणि कमेंटची लिंक वेगळी कॉपी करून ठेवायची. नाव काय, दोन मिनिटात बदलता येतं, म्हणून लिंक पाहिजे. लोक रागाच्या भरात आधी डिलीट करतात आणि नंतर हातात काही नसतं.

तिसरं उत्तराचं. मराठीत एक झकास प्रकार आहे, अनुल्लेखाने मारणे. सगळे हाच सल्ला देतात की दुर्लक्ष करा. मला तो अर्धाच पटतो. तुम्ही दुर्लक्ष केलंत, मी केलं, दोनशे लोकांनी केलं, तर ज्या बाईला बोललं गेलं तिला काय दिसतं? तिला दिसतं की दोनशे लोकांनी वाचलं आणि कुणी काही बोललं नाही. म्हणून दुर्लक्ष त्याच्याकडे करायचं, तिच्याकडे नाही.

म्हणजे कसं ते सांगते. त्या होळीला मी जी कमेंट करायला हवी होती ती ही होती, "ताई, फाटली म्हणजे पुरण सैल राहिलं किंवा कणीक कमी तिंबली गेली. पुढच्या वेळी पुरण शिजताना मधोमध उलथनं उभं करून बघा, पडलं नाही की पुरण झालं. रंग मात्र सुरेख आलाय." बस. गुलाबाचं नाव नाही, त्याला टॅग नाही, त्याच्या वाक्याला उत्तर नाही. बोलायचं तिच्याशी आणि ऐकवायचं सगळ्यांना. असं एकीने लिहिलं की पुढचे तिच्या मागे येतात, कुणी म्हणतं आमच्याकडे कणीक तेलात तास-दोन तास ठेवतात, कुणी म्हणतं पुरणयंत्राची जाळी बारीक घ्या, आणि गाडी पोळीवर परत येते. आता आम्ही हेच करतो आणि पहिल्या अर्ध्या तासात केलं तरच चालतं, शंभर कमेंटी झाल्यावर उलथनं उभं करून काही होत नाही.

पहिल्या अर्ध्या तासाचं असं मी का म्हणते, तर २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. काही लोकांना सोपी परीक्षा दिली, काहींना मुद्दाम अवघड देऊन त्यांचा मूड घालवला, मग सगळ्यांना एका लेखाखाली कमेंट करायला सांगितलं. काहींना वरच्या कमेंटी साध्या दिसत होत्या आणि काहींना ट्रोलछाप. मूड बरा आणि वरच्या कमेंटी साध्या तिथे ३५ टक्के कमेंटी ट्रोलसारख्या निघाल्या, मूड गेलेला आणि वर घाण तिथे ६८ टक्के. म्हणजे साधी माणसंच ती, कुणी जन्मजात राक्षस नाही. आमच्या २०६ कमेंटींचा हिशोब मला तेव्हा लागला, होळीच्या दिवशी सकाळपासून ओट्याशी उभं राहून वैतागलेल्या बायका आणि वर आयती घाण कमेंट.

कधीकधी विनोद चालतो पण तो त्याच्यावर करायचा नाही. त्याच्यावर केला की तो त्याला आमंत्रण समजतो. आणि लांबलचक सात्त्विक संतापाची पोस्ट तर अजिबात नको, "आज मी फार दुखावले आहे" वगैरे, ती त्याच्यासाठी दिवाळी अंक असते. ज्याला बोललं गेलं त्याला वेगळा मेसेज करा, दोन ओळींचा, आम्ही बघतोय, तुमची चूक नाही. आम्ही त्या बाईला हा मेसेज दुसऱ्या दिवशी केला, तोपर्यंत ती गेली होती.

आता बटणं. ब्लॉक करायला माझी ना नाही, पण ब्लॉक त्याला कळतो आणि असले लोक "मला ब्लॉक केलं" हा बिल्ला छातीवर लावून फिरतात. म्हणून आधी न कळणारे उपाय. इन्स्टाग्रामवर रिस्ट्रिक्ट आहे, त्याची कमेंट त्याला स्वतःला दिसत राहते, बाकीच्यांना तुम्ही परवानगी दिल्याशिवाय दिसत नाही, तो आपला टाकतोय टाकतोय आणि कुणीच का चिडत नाही म्हणून चक्रावतो. यूट्यूबवर स्वतःचं चॅनल असेल तर त्या माणसाला चॅनलवरून हाइड करता येतं, परिणाम साधारण तोच, शिवाय ठराविक शब्द आले की कमेंट थांबवून ठेवता येते, त्या यादीत शिव्या देवनागरीत पण टाका आणि इंग्रजी अक्षरात पण टाका, आपले लोक दोन्हीत देतात. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) म्यूट बरं, तिथे २०२४ च्या अखेरीपासून ब्लॉक केलेल्यालाही तुमच्या पब्लिक पोस्ट दिसतातच. फेसबुकवर प्रोफाइल लॉक करून ठेवा, विशेषतः फोटो आणि नातेवाइकांची नावं, कारण ट्रोलला तुमच्याबद्दलचा माल तिथूनच मिळतो.

सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं फारसं चालत नाही, तिथे ट्रोल चौथ्या मजल्यावर राहतो आणि उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतो. तिथे एकच उपाय, ग्रुपवर एक अक्षर न बोलता जाऊन चहा प्यायचा. समोरासमोर निम्मे लोक विरघळतात. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो आणि फक्त ॲडमिन लिहू शकतील असंही सेटिंग आहे, रात्री अकरानंतर पार्किंगवरून जुंपली की ते लावून झोपायचं. अजून एक, कुणीतरी घाण टाकली तर ॲडमिनला आत टाकतील ही भीती घालून लोक ॲडमिनला छळतात. गोंदियाच्या एका केसमध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरने टाकलेल्या मेसेजसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दिसलं पाहिजे. अर्थात म्हणून घाण ठेवून द्यायची असं नाही.

पोलिसांचं काय. ऊठसूट "सायबरला देते तुला" म्हणू नका, एक तर पोकळ धमकी कळते, दुसरं म्हणजे नुसतं त्रासदायक बोलणं हा गुन्हा असलेलं कलम आपल्याकडे होतं आणि ते कुणावर चाललं ते आठवा. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या मुंबई बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक झाली, त्यात आयटी कायद्याचं हे कलम, ६६ अ, पण लावलं होतं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्दच केलं. त्यामुळे पोळीला अपघात म्हणणाऱ्यावर गुन्हा होत नाही आणि नसावाच.

पण एक रेघ आहे, तिच्या पलीकडे गेला की तो ट्रोल राहत नाही, आरोपी होतो. जिवाची किंवा बलात्काराची धमकी, घराचा पत्ता किंवा मुलांच्या शाळेचं नाव टाकणं, तुमच्या नावाने खोटं खातं, खाजगी फोटो, अश्लील मेसेज, नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणं. यासाठी कायदा आहे. आयटी कायद्यात ६६ क आणि ६६ ड तोतयेगिरीसाठी, ६६ ई खाजगी फोटोंसाठी, ६७ अश्लील मजकुरासाठी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३५१ धमकीसाठी आणि ७८ पाठलागासाठी, एखाद्या बाईच्या इंटरनेटवरच्या हालचालींवर नजर ठेवणंही त्यात येतं. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, अंगावर येणारी धमकी असेल तर ११२. चौकीत "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर झीरो एफआयआरचं नाव काढा, दखलपात्र गुन्हा असेल तर हद्द नसली तरी कुठल्याही ठाण्यात ती घ्यावी लागते. आणि त्या दिवशी काढलेले स्क्रीनशॉट आणि लिंका सोबत घेऊन जा, म्हटलं होतं ना.

ॲडमिन असाल तर घर आधीच लावून ठेवलेलं बरं. आम्ही नंतर तीन गोष्टी केल्या. नवीन मेंबरच्या पहिल्या काही पोस्ट आम्ही बघितल्याशिवाय जात नाहीत. वाद तापला की त्या पोस्टवर कमेंटींचा वेग कमी करायची सोय आहे ती लावतो, दर पाच मिनिटाला एकच कमेंट, भांडखोर माणसाला पाच मिनिटं वाट बघायला लावली की त्याची अर्धी हवा जाते. कुणाला काढायचं तर तिघींपैकी दोघींचं हो पाहिजे आणि काढल्यावर ग्रुपवर कारणं द्यायची नाहीत, पूर्वी आम्ही निवेदन द्यायचो, त्या निवेदनाखाली नवा शिमगा. आणि हो, नियम पाचच ठेवलेत, आधी सतरा होते आणि मलाच पाठ नव्हते.

शिवाय आत येताना एक प्रश्न ठेवलाय, कटाची आमटी कशाच्या पाण्याची करतात? डुआयडी बनवणाऱ्याला तीन-तीनदा ते टाइप करायचा कंटाळा येतो आणि खाण्यात ज्याला रस आहे तो डाळीच्या पाण्यावर आणखी दोन ओळी लिहून मोकळा होतो. आत्ता हे लिहिताना चौदा रिक्वेस्ट पेंडिंग दिसतायत, त्यातल्या एकाने उत्तर दिलंय, "तुम्हाला काय करायचंय?" त्याला घेतलेलं नाही.